मेंदूतील मळाचा निचरा: चांदा-गडचिरोलीच्या मुलखातून एक आढावा

गडचिरोली जिल्ह्यातील ८६ खेड्यांत, सुमारे ९४ हजारांच्या लोकवस्तीत, २०११ ते २०१३ या काळात झालेल्या मृत्यूंची घरोघर जाऊन चौकशी करून 'सर्च' या संस्थेच्या डॉ. योगेश्वर कालकोंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी जो अभ्यास सिद्ध केला, आणि जो २०१५ साली 'स्ट्रोक' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्याचा निष्कर्ष जंगलपट्टीच्या आरोग्याविषयी रूढ समजुती बाळगणाऱ्यांना चमत्कारिक वाटावा असाच होता. या मुलखात माणसे हिवतापाने, हगवणीने, फार तर सर्पदंशाने दगावतात, अशी शहरातील सुशिक्षिताची समजूत असते. परंतु नोंदलेल्या १,५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू, म्हणजे दर सातांतील एक, हा अर्धांगवायूने, तिकडच्या बोलीत लकव्याने, झालेला होता, आणि मृत्यूच्या कारणांत त्याचा क्रमांक पहिला होता. यांतील शेकडा ८७ माणसांनी घरीच प्राण सोडला. कारणाची निश्चिती झाली ती आप्तांना पद्धतशीर प्रश्न विचारून मिळालेल्या उत्तरांवरून. प्रत्यक्ष मेंदू कोणी पाहिला नाही, आणि पाहण्याची सोयही नव्हती.

तो पाहिला असता तर काय दिसले असते, हा प्रश्न वरवर शवविच्छेदकाच्या कामापुरता वाटतो. पण त्याच्या पोटात गेल्या दीडशे वर्षांच्या मज्जाविज्ञानातील एक मोठा प्रश्न दडलेला आहे. रक्तपुरवठा तुटून मेंदूचा जो भाग मरतो, त्या मृत भागाचे पुढे होते काय? तो उचलतो कोण, नेतो कोठे, आणि हे उचलणे जिवंत राहिलेल्या भागाला हितकारक ठरते की अपायकारक? अर्धांगवायू ही या प्रश्नाची उग्र बाजू; एरवी शांत दिसणाऱ्या मेंदूतही हाच व्यवहार अहोरात्र चालू असतो. देहाच्या वजनाच्या अवघ्या शेकडा दोन इतका हा अवयव देहाने घेतलेल्या प्राणवायूपैकी सुमारे शेकडा वीस खर्च करतो, आणि इतक्या जळणाऱ्या भट्टीत राख साचणार हे उघड आहे: चुकीच्या घड्या पडलेली प्रथिने, मेलेल्या पेशींचे अवशेष, मज्जातंतूंच्या वेष्टनाचे तुकडे, निकामी झालेल्या जोडण्या. इतर अवयवांत असा मळ लसीकावाहिन्या वाहून नेतात. मेंदूच्या गाभ्यात त्या नाहीत, आणि रक्त व मेंदू यांच्यामधील तटबंदी इतकी कडेकोट की सरळ रक्तात फेकून मोकळे होण्याचीही मुभा नाही. तेव्हा या संस्थानाचा स्वतंत्र बंदोबस्त असला पाहिजे, हे अनुमान जुने. त्याचा उलगडा मात्र फार संथपणे होत गेला.

रुडॉल्फ फिर्शो याने १८५६ साली मज्जापेशींच्या मधल्या द्रव्याला नाव दिले, तेव्हा त्या द्रव्याकडे निव्वळ सांधणारा चिकटा म्हणून पाहिले होते. पुढे १८८२ साली मेसिना येथे इल्या मेच्निकोव्ह याने तारामाशाच्या पारदर्शक अर्भकात काटा टोचून, त्याच्याभोवती भक्षक पेशींचा मेळावा जमलेला पाहिला आणि देहाची स्वच्छता व संरक्षण ही 'खाणाऱ्या' पेशींची कामगिरी आहे असा सिद्धान्त मांडला. त्याला १९०८ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. तरीही मेंदूत असा खाणारा कोण, हे अनिश्चितच राहिले. निस्स्लने दंडाकृती पेशी पाहिल्या होत्या, अल्झायमर आदी जर्मन विकृतिवैज्ञानिकांनी मृत भागांत फेसाळ, जाळीदार पेशी पाहिल्या होत्या. परंतु या साऱ्या एकाच कुळातील आहेत, हे दाखवून देण्याचे श्रेय १९१९ साली माद्रिदच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा याला जाते. रौप्य कार्बोनेटाच्या रंजनाने त्याने त्या पेशींच्या नाजूक फांद्या प्रथम स्वच्छ दाखविल्या आणि त्यांना मायक्रोग्लिया हे नाव दिले. त्याचे गुरू रामोन इ काहाल यांनी या पेशींची मज्जाव्यवस्थेचा 'तिसरा घटक' म्हणून जी मोघम नोंद ठेवली होती, तिची फोड शिष्याने केली, ती गुरूंना तितकीशी रुचली नाही, आणि पुढच्याच वर्षी ओर्तेगाला ती प्रयोगशाळा सोडावी लागली. शास्त्राच्या इतिहासात असे प्रसंग दुर्मीळ नाहीत, आणि त्यांतून शास्त्राचे नुकसान होतेच असेही नाही. ओर्तेगाचे पुढचे काम गुरूंच्या छायेबाहेर अधिक मोकळेपणाने झाले.

या पेशी मेंदूतील उपऱ्या आहेत, हे ओर्तेगाचे अनुमान नव्वद वर्षांनी खरे ठरले. २०१० साली फ्लोरां जिनू व सहकाऱ्यांनी उंदरांत दाखविले की मायक्रोग्लियांचा उगम गर्भाच्या पीतककोशात, अस्थिमज्जा अस्तित्वात येण्याच्याही आधी, होतो. तेथून त्या मेंदूत शिरतात आणि मग जन्मभर तेथेच वंशवृद्धी करीत राहतात. मानवात त्यांचे सरासरी वय सुमारे चार वर्षे असून दर वर्षी त्यांपैकी एक चतुर्थांशाहून थोड्या अधिक पेशी बदलतात, हा हिशेब २०१७ साली लागला. तो लावण्याची युक्ती विलक्षण होती: अण्वस्त्रांच्या चाचण्यांनी वातावरणात सोडलेला किरणोत्सर्गी कार्बन मृतांच्या पेशींतील वारसाद्रव्यात किती उतरला आहे, हे मोजून पेशीचा जन्मकाळ ठरविण्यात आला. त्याआधी, २००५ साली, जिवंत उंदराच्या कवटीला पातळ खिडकी पाडून दोन स्वतंत्र संशोधकगटांनी या पेशींचे चलच्चित्र घेतले, तेव्हा ग्रंथांत 'निद्रिस्त' म्हणून वर्णिलेल्या या पेशी क्षणभरही स्वस्थ नसतात असे आढळले. प्रत्येक पेशी आपल्या हद्दीतच राहते, शेजारणीच्या हद्दीत सहसा शिरत नाही, आणि तेवढ्या आवारात आपल्या फांद्या सतत पुढेमागे करीत चाचपणी करते. ताडोब्याच्या रानातील वनरक्षकाने आपले बीट रोज पायी तुडवावे, शेजारच्या बिटातील वणव्याची वर्दी मिळाली तरच हद्द ओलांडावी, तसा हा क्रम आहे.

भक्षणाची क्रिया मात्र पुष्कळ गुंतागुंतीची आहे. मरणारी पेशी आपल्या आवरणाच्या आतल्या बाजूस असणारे एक स्निग्ध द्रव्य बाहेरच्या बाजूस उलटविते. ती खूण मायक्रोग्लियाच्या पृष्ठभागावरील ग्राहक ओळखतात, आवरणाचा द्रोण होऊन अवशेष आत ओढला जातो, आणि आम्ल व पाचक रसांनी भरलेल्या पिशवीशी तो द्रोण एकजीव होऊन मळाचे विघटन होते. या ग्राहकांपैकी ट्रेम-२ या एकाची ख्याती २०१२-१३ नंतर विशेष झाली, कारण त्याच्या घडणीतील एका अल्प फेरफाराने उतारवयातील अल्झायमर विकाराचा धोका सुमारे तिप्पट होतो, असे दोन मोठ्या पाहण्यांत दिसून आले. तत्पूर्वी भक्षक पेशी या रोगात केवळ साक्षीदार आहेत, असे मानणारा पक्ष प्रबळ होता. आता मळ उचलण्यातील त्यांची कुचराई हेच रोगाचे एक मूळ असावे, या विचाराला बळकटी आली. दुसऱ्या बाजूने, वाढत्या वयाच्या बालमेंदूत अनावश्यक जोडण्या छाटण्याचे कामही याच पेशी करतात आणि हे छाटणे भलत्या वयात पुन्हा सुरू झाले तर स्मृतीचा नाश होतो, असेही प्रयोग सांगतात. तारकाकृती अ‍ॅस्ट्रोसाइट पेशीही यात हातभार लावतात, हे २०१३ नंतर सिद्ध झाले आहे. थोडक्यात, येथे कमी खाणे आणि अधिक खाणे हे दोन्ही गुन्हे आहेत.

आता लकव्याच्या मेंदूकडे परत वळू. रोहिणी तुंबली की काही मिनिटांतच गाभ्यातील मज्जापेशी मरू लागतात. पहिल्या काही तासांत आसपासच्या मायक्रोग्लिया आपल्या फांद्या आखडून गोलाकार होऊ लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून तटबंदीच्या भगदाडांतून रक्तातील भक्षक पेशीही आत येतात, आणि पहिला आठवडा उलटेतो मृत प्रदेश या दोन्ही दलांनी भरून जातो. सूक्ष्मदर्शकाखाली त्या वेळचा काप पाहिला, तर गुलाबी, विस्कळीत पार्श्वभूमीवर मोठमोठ्या, वाटोळ्या पेशींची गर्दी दिसते. त्यांचे पेशीद्रव्य मज्जावेष्टनातील गिळलेल्या मेदाने इतके फेसाळलेले असते की केंद्रक बिचारे एका कडेला ढकललेले असते. याच त्या जाळीदार पेशी. आठवड्यांमागून आठवडे त्या मळ वाहत राहतात, आणि अखेरीस उरते ती द्रवाने भरलेली एक पोकळी, तिच्या कडेला अ‍ॅस्ट्रोसाइटांनी उभारलेला व्रणाचा बांध. हृदयाचा मेलेला भाग व्रणतंतूंनी भरून निघतो, मेंदूचा मात्र खड्डाच राहतो. आणि मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर लोहाने तांबूस-तपकिरी झालेल्या भक्षक पेशी त्या खड्ड्याच्या काठाशी वर्षानुवर्षे सापडतात. गडचिरोलीच्या पाहणीतील जवळजवळ निम्मे रुग्ण पहिल्या महिन्यातच मरण पावले होते. म्हणजे ही सफाई ऐन भरात असतानाच त्यांचा अंत झाला. उरलेले त्याहून अधिक काळ जगले, आणि त्यांच्यापैकी कोणाचा हात पुन्हा वळू लागला, कोणाची वाचा परतली, यामागे त्या पोकळीच्या कडेवरील पेशींचा वाटा किती, हे विचारणारे शास्त्र आज उंदरांवर पुष्कळ पुढे गेले आहे आणि माणसांत पाऊल टाकायला चाचरते आहे.

पेशींनी गिळले, तरी जे द्रवात विरघळलेले आहे ते वाहून न्यावयाचे राहतेच. मेंदूभोवती सुमारे दीडशे मिलिलिटर मस्तिष्क-मेरुद्रव खेळत असतो आणि दिवसाकाठी त्याची निर्मिती सुमारे अर्धा लिटर होते. अर्थात दिवसातून तीन-चार वेळा सारा द्रव बदलतो. इटालियन शरीरशास्त्रज्ञ पाओलो मास्कान्यी याने १७८७ साली मेंदूच्या वेष्टनांत लसीकावाहिन्या असल्याचे लिहून ठेवले होते. पण ते कोणी मनावर घेतले नाही, आणि २०१५ साली व्हर्जिनिया व हेलसिंकी येथील दोन गटांनी त्या उंदरांत पुन्हा दाखविल्या, तेव्हा पाठ्यपुस्तके दुरुस्त करण्याची पाळी आली. दरम्यान २०१२ साली मैकन नेदरगार्ड यांच्या गटाने असे प्रतिपादिले की हा द्रव रोहिणींच्या भोवतालच्या फटींतून मेंदूच्या गाभ्यात शिरतो, अ‍ॅस्ट्रोसाइटांच्या पायांवरील जलमार्गांतून पुढे सरकतो आणि मळ घेऊन नीलांच्या बाजूने बाहेर पडतो. पुढल्याच वर्षी त्यांनी उंदीर झोपला असता पेशींमधील फटी शेकडा १४ वरून शेकडा २३ पर्यंत रुंदावतात आणि निचरा वेगावतो, असे जाहीर केले. झोप मेंदू धुते, ही वार्ता त्या वेळी जगभराच्या वर्तमानपत्रांत गाजली.

ती वार्ता इतकी गोड होती की तिची रुजुवात घेण्यास फारसे कोणी धावले नाही. २०२४ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील निकोलस फ्रँक्स यांच्या गटाने वेगळ्या पद्धतीने मोजणी करून झोपेत व गुंगीत निचरा मंदावतो, असा नेमका उलटा निष्कर्ष काढला, आणि त्यावर वाद अद्याप चालू आहे. प्रवाह कोणत्या जोराने चालतो, रोहिणीच्या ठोक्याने की श्वासाने की तिच्या भिंतीच्या सावकाश आकुंचनाने, याविषयीही एकवाक्यता नाही. माझे मत विचाराल तर मेंदूतील द्रव फिरतो आणि मळ नेतो, एवढे आता निर्विवाद आहे. त्याच्या वाटा व वेळापत्रक यांविषयी मात्र जितका आत्मविश्वास लेखांत दिसतो तितका पुराव्यात नाही. या सर्व प्रकरणात लक्ष वेधते ते असे की रोहिणीच्या भिंतीला चिकटून बसणाऱ्या भक्षक पेशी, ज्यांचे वर्णन जपानचे मासाओ मातो यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात केले होते, त्यांच्याकडे पुष्कळ काळ कोणी पाहिलेच नाही. २०१७ साली तीन निरनिराळ्या गटांनी झेब्रा माशाच्या मेंदूवेष्टनात अशाच पेशी दाखविल्या; आणि मौज ही की त्या भक्षक कुळातील नसून लसीकावाहिन्यांच्या भिंतींच्या कुळातील निघाल्या, वाहिनी मात्र न बनविता सुट्या राहून द्रवातील मळ गिळणाऱ्या. हा मासा आपल्याच उपखंडातील ओढ्यानाल्यांत व भाताच्या बांध्यांत राहणारा, बोटाच्या पेराहून फारसा मोठा नसलेला जीव आहे. जगातील शेकडो प्रयोगशाळांत त्याची आज सरबराई चालते.

येथवरचे सारे संशोधन म्हातारपण आणि विस्मृती यांच्या चिंतेतून उभे राहिले आहे, आणि श्रीमंत देशांची ती चिंता स्वाभाविकही आहे. पण वैनगंगेच्या पूर्वेकडील रानात मेंदूवर जो बोजा पडतो तो बहुधा मेंदूत निपजलेला नसतो; तो रक्ताच्या वाटेने येतो. हिवतापाचेच घ्या. महाराष्ट्रातील हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोली जिल्ह्याचा वाटा पुष्कळ वर्षे सर्वांत मोठा राहिला आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या तालुक्यांत पावसाळा उतरणीला लागला की जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांच्या कचेरीत रक्तनमुन्यांचा ढीग पडतो, आणि त्यांत प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम या घातक जातीचे प्रमाण मोठे असते. या जंतूची चतुराई अशी की लाल पेशीत वाढू लागल्यावर तो तिच्या पृष्ठभागावर चिकट गाठी उगवतो आणि तिला केशवाहिनीच्या भिंतीला अडकवून ठेवतो. असे का? कारण रक्ताबरोबर वाहत राहिली तर ती बाधित पेशी प्लीहेत पोचेल, आणि प्लीहा तिला गाळून नष्ट करील. देहाच्या सर्वांत तत्पर सफाईखान्याचा ससेमिरा चुकविण्यासाठी हा जंतू ज्या आडोशांना आश्रय घेतो, त्यांत मेंदूच्या केशवाहिन्या आहेत. तो मेंदूच्या गाभ्यात शिरत नाही. भिंतीबाहेर पाऊल न टाकताच आतला कारभार उलथवितो.

लाल पेशीतील रक्तद्रव्य, म्हणजे हिमोग्लोबिन, खाऊन हा जंतू जो काळसर स्फटिकरूप मळ मागे टाकतो, तो फिर्शोने १८४९ सालीच पाहिला होता, त्याचे कारण कळण्याच्या तीस-एक वर्षे आधी. मेंदूतील हिवतापाने मेलेल्या रुग्णाचा मेंदू कापला असता तो करड्या-निळसर रंगाचा दिसतो, याचे कारण हाच मळ. भक्षक पेशी तो गिळतात खऱ्या, परंतु पचवू शकत नाहीत. तुरीनच्या संशोधकांनी १९९२ साली दाखविले की असा मळ पोटात गेलेली भक्षक पेशी पुढे दुसरे काही खाण्यास नालायक होते. सफाई करणाऱ्यालाच सफाईच्या कामातून बाद करणारा मळ, असे उदाहरण निसर्गात फार नसेल. केशवाहिनी फुटून झालेल्या सूक्ष्म रक्तस्रावांभोवती मायक्रोग्लिया व अ‍ॅस्ट्रोसाइट जी वर्तुळाकार गाठ करतात, तिचे वर्णन हेर्मान ड्यूर्क याने १९१७ साली केले, ओर्तेगाच्या नामकरणाच्या दोन वर्षे आधी. ती गाठ आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. आपल्याला जवळचा पुरावा मात्र ओडिशातील राउरकेल्याच्या इस्पात रुग्णालयाचा आहे. तेथे मेंदूतील हिवतापाच्या प्रौढ रुग्णांची चुंबकीय चित्रे घेतली, तेव्हा मेंदूच्या मागील भागात आलेली सूज बचावलेल्या रुग्णांत थोड्याच दिवसांत उतरली, असे आढळले. अर्थात या सुजेचा मोठा अंश मेलेल्या पेशींचा नव्हे, तर वाट तुंबलेल्या पाण्याचा असला पाहिजे. लवकर मिळालेले आर्टेसुनेटचे इंजेक्शन येथे का वाचविते, याचे उत्तर त्यात आहे: ते जंतूला कोवळ्या वयातच मारते, बाधित पेशी भिंतीला चिकटण्याआधी प्लीहेच्या स्वाधीन होते, आणि मेंदूवरचा बोजा मुळातच हलका राहतो.

याच रानात सिकलसेल आहे, आणि हा योगायोग नाही. हिवतापापासून वाहकाला अंशतः संरक्षण देते म्हणून ही वारसाखूण टिकून राहिली, हे अ‍ॅलिसन याने १९५४ साली आफ्रिकेत दाखविले. मध्य भारतात ती असल्याचे नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये नोंदविले. विदर्भातील आदिवासी व अनुसूचित जातींच्या अनेक कुटुंबांत आज तिच्या तपासणीनंतर मिळणाऱ्या पिवळ्या-लाल कार्डांचा व्यवहार परिचित आहे. दोन्ही पालकांकडून ही खूण मिळालेल्या मुलाच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, फुटतात, आणि रक्तद्रव्य मोकळे सुटते. मोकळे रक्तद्रव्य विषारी असते. म्हणून रक्तातील हॅप्टोग्लोबिन हे प्रथिन त्याला धरते, भक्षक पेशींवरील ठराविक ग्राहक ती जोडी आत घेतात आणि लोह बाजूला काढून ठेवतात. सिकलसेलमध्ये हा ओघ इतका अखंड असतो की हॅप्टोग्लोबिनचा साठा जवळजवळ संपूनच जातो. परिणाम रोहिणींच्या भिंतींवर होतो, त्या अरुंद होतात, आणि कोवळ्या वयात लकवा येतो. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत असे प्रमाण वीस वर्षांच्या आत सुमारे शेकडा ११ होते. त्याहून अधिक मुलांच्या मेंदूत असे लहान मृत प्रदेश सापडतात की ज्यांची घरी वा शाळेत कोणालाच वार्ता नसते. गणितात मागे पडलेला, विसराळू झालेला मुलगा आळशी ठरतो. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील रक्तद्रव्य अधिक प्रमाणात टिकून राहत असल्याने त्यांची प्लीहाही अधिक वर्षे शाबूत राहते आणि रोगाची तीव्रता काहीशी कमी असते, असे सामान्यतः सांगतात. पण विदर्भातील बालरोगतज्ज्ञांनी या सौम्यतेवर फार विसंबू नये असा इशारा वेळोवेळी दिलेला आहे, आणि तो मला रास्त वाटतो.

चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर, जिल्ह्याचे नाव ज्या रोगामुळे भारताबाहेर गेले, त्याचाही येथे उल्लेख अवश्य आहे, जरी तो मेंदूचा नसून बाहेरच्या मज्जातंतूंचा रोग आहे. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समितीच्या द्वारे आनंदवन उभारण्यास १९४९ साली आरंभ केला, तेव्हा कुष्ठाचा जंतू मज्जातंतूंच्या वेष्टनपेशींत राहून त्या स्वतः कुरतडतो, अशी सर्वसाधारण समजूत होती. २०१७ साली केंब्रिजच्या ललिता रामकृष्णन व कॅलिफोर्नियाच्या क्रेसिडा मॅडिगन यांनी झेब्रा माशाच्याच पारदर्शक अर्भकात ही प्रक्रिया डोळ्यांदेखत पाहिली, आणि वेगळेच निघाले: जंतूला गिळणाऱ्या भक्षक पेशी त्याच्या एका मेदद्रव्याने चेतवल्या जाऊन नायट्रिक ऑक्साइड सोडतात, आणि मज्जावेष्टनाचा व तंतूचा नाश त्या वायूने होतो. बधिर हात, झडलेली बोटे, न मिटणारे डोळे या साऱ्यांच्या मुळाशी जंतूइतकाच, कदाचित अधिक, जंतूला आवरू पाहणाऱ्या पेशींचा अतिरेक आहे. जंतुनाशक औषधे चालू असतानाही मज्जातंतूंचा दाह उसळतो आणि डॉक्टरला दाह शमविणारी स्टेरॉइडे द्यावी लागतात, हा कुष्ठ-कार्यकर्त्यांचा जुना अनुभव या प्रकाशात समजू लागतो.

या मुलखातील आणखी एका बोजाविषयी, कोळशाच्या धुळीविषयी, एवढेच. चंद्रपूर हे महाऔष्णिक विद्युत केंद्राचे आणि खाणींचे शहर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ सालच्या निर्देशांकात ते ८३.८८ गुणांनी देशात चौथे आले होते. ज्वलनातून निघालेले लोहयुक्त अतिसूक्ष्म कण मानवी मेंदूत सापडल्याचे २०१६ साली मेक्सिको नगरी व मँचेस्टर येथील ३७ मृतांच्या तपासणीत दिसून आले, आणि नाकातून गंधतंतूंच्या वाटेने ते आत शिरत असावेत असा तर्क आहे. असे कण मायक्रोग्लियांना खिजवितात, हे प्रयोगशाळेत दिसते. यावरून चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर वा घुग्घूसच्या माणसाच्या मेंदूविषयी निकाल देणे घाईचे होईल.

उपायांकडे वळले की दोन जगांतील अंतर स्पष्ट होते. अमेरिकेत २०२३ साली मान्य झालेले लेकानेमॅब हे अल्झायमर विकारावरील औषध मूलतः भक्षक पेशींना चेतविणारे आहे. ते मेंदूत साचलेल्या अमायलॉइड प्रथिनाच्या मळावर खूण करते, आणि खूण पाहून मायक्रोग्लिया तो उचलतात. दीड वर्षाच्या चाचणीत रोगाची घसरण शेकडा २७ ने मंदावली. पण मेंदूची सूज व सूक्ष्म रक्तस्राव हे त्याचे दुष्परिणाम असल्याने रुग्णाची चुंबकीय चित्रे पुनःपुन्हा घ्यावी लागतात, आणि सुरुवातीला तरी दर पंधरवड्याला शिरेतून औषध द्यावे लागते. हे गडचिरोलीतील सिरोंचा तालुक्यात नेण्याची कल्पनाच हास्यास्पद आहे. त्याऐवजी मेंदूपर्यंत मळ पोचूच न देणारी साधने तेथे आहेत व स्वस्त आहेत: रक्तदाबाची रोजची गोळी, जी चुकली की लकव्याची वाट मोकळी होते, सिकलसेलला हायड्रॉक्सियुरिया, हिवतापाला औषधभारित मच्छरदाणी आणि वेळेवर आर्टेसुनेट. २०२३ साली शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासणीवर जितका भर आहे, तितका औषधाच्या अखंड पुरवठ्यावर आणि मुलाच्या मेंदूच्या तपासणीवर असावा, असे कोणीही सुज्ञ म्हणेल.

राहता राहिला मेंदू प्रत्यक्ष पाहण्याचा प्रश्न, ज्यावर गडचिरोलीची पाहणी येऊन थांबली होती. मलावीमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका शवविच्छेदनाच्या अभ्यासात, मेंदूतील हिवतापाने मेली असे समजल्या गेलेल्या ३१ बालकांपैकी सात जणांच्या मृत्यूचे कारण भलतेच निघाले. रक्तात जंतू होते, पण मृत्यू त्यांनी आणला नव्हता. जिवंतपणी हा फरक सर्वांत चांगला दाखविणारी खूण डोळ्याच्या दृष्टिपटलावर होती: पांढरट पडलेले ठिपके, रंग बदललेल्या वाहिन्या, मध्ये पांढरा केंद्र असलेले रक्तस्राव. दृष्टिपटल हा गर्भातच मेंदूपासून फुटलेला, स्वतःच्या मायक्रोग्लिया बाळगणारा मेंदूचाच अंश आहे, आणि तो पाहण्यास शवागार लागत नाही, बाहुली विस्फारणारे दोन थेंब व हातात धरण्याचे एक नेत्रदर्शक यंत्र पुरते. भामरागडच्या ग्रामीण रुग्णालयात झटके येऊन बेशुद्ध पडलेले मूल दाखल झाले, की त्याच्या रक्तनमुन्याइतकाच नियमाने त्याच्या डोळ्याचा तळ पाहिला जावा आणि केसपेपरवर तशी नोंद व्हावी, एवढी व्यवस्था जिल्ह्याच्या आरोग्य खात्याला परवडण्यासारखी आहे. आणि अशा दोन-तीन पावसाळ्यांच्या नोंदी एकत्र केल्या, तर आपल्या रानातील कोणत्या मुलाचा मेंदू हिवतापाने तुंबला होता आणि कोणाला मेंदूज्वर आणणारी दुसरी एखादी लागण होती, हे मलावीच्या आकड्यांवर न विसंबता सांगता येईल.